घाम फुटेपर्यंत

स्वराजच्या डोक्यावर जावळ नव्हतंच म्हटलं तरी चालेल, आणि ते काढण्यासाठी मात्र अख्खं घर खोळंबून बसलं होतं.

वर्ष उलटून गेलेलं पोर. ह्या वयाच्या पोरांची जावळं डोळ्यांवर येतात, आया त्यांना रबर लावून डोक्यावर कारंजं करतात. ह्याच्या डोक्यावर काय, तर मक्याच्या कणसाला असतात तसले चार भुरके धागे, तेही उजेडात धरलं तर दिसणार. भुवया नावाला. दात म्हणाल तर वरच्या हिरडीत एकच, तोही टोकदार. चाळीतल्या बायका मंजुषाला चिडवायच्या, न्हाव्याला अर्धेच पैसे दे गं, त्याला काम तरी कुठंय? मंजुषा हसायची. न हसून सांगते कुणाला? पण दार लावलं की ती पोराच्या टाळूवर खोबरेल जिरवत बसायची आणि बोटांना एखादा तरी नवा केस लागतो का ते बघायची. लागायचा नाही.

तिचा नवरा हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पहाटे जायचा, पाठीवर गोणी वाहायचा आणि दुपार कलली की घणसोली गावातल्या खोलीवर परतायचा तो असा भिजलेला, की बनियन पिळलं तर मोरीत ओघळ जावा. आल्या आल्या पोराला उचलायचा. मंजुषा ओरडायची, आधी अंग तरी पुसा. तो कुठला ऐकतोय! आणि गंमत अशी, की दिवसभर किरकिरणारं पोर बापाच्या त्या ओल्या, कांद्याच्या वासाच्या छातीवर पडलं की गप्प व्हायचं. हौसेरावला वाटायचं, लेकाला आपली ओढ आहे. मंजुषालाही तसंच वाटायचं. दुसरं काही वाटायचं कारणही नव्हतं.

शिमगा झाला, ऊन तापायला लागलं आणि तापाचं सुरू झालं. सकाळी पोर खेळतंय, दुपारी अंग तव्यासारखं. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की ताप आपोआप उतरायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. गल्लीतल्या डॉक्टरनं आधी दाताचा ताप म्हणून औषध दिलं, मग मलेरियाचं दिलं, मग सुई टोचली. औषधानं ताप हलत नव्हता आणि वाऱ्यानं हलत होता, ह्याचा विचार कुणी केला नाही. करणार कोण? मंजुषाचा जीव तर नुसता टांगणीला लागलेला.

एका दुपारी मात्र तिनं एक चोरी केली. चोरीच म्हणायची. दार आतून लावलं आणि तापानं फणफणलेलं पोर पाण्यानं भरलेल्या घमेल्यात बसवलं. तापल्या अंगावर पाणी! चाळीत कळलं असतं तर बायकांनी तिला उभी फाडली असती. पण पोरगं पाण्यात थपाथप हात मारायला लागलं, आणि बघता बघता अंग निवलं. मंजुषानं त्याला पुसलं, घमेलं पालथं घातलं आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. पुन्हा करायचीही तिची छाती झाली नाही. पोराला काही झालं असतं तर?

तेवढ्यात राजाबाई आली.

राजाबाई म्हणजे मंजुषाची आई. कोरेगावकडची, अंगानं वाळकी आणि जिभेनं चांगली ठसठशीत. हौसेरावला आई नव्हती, म्हणून नातवाच्या जावळाचं सगळं तिनंच अंगावर घेतलेलं. पालीच्या खंडोबापाशी जावळ काढायचं, मग गावात जेवण घालायचं. येताना तिनं ज्वारीचं पीठ आणलं, पोराला कुंची आणली आणि एक गोधडी आणली. आल्या आल्या पोराच्या कपाळाला हात लावला आणि निकाल देऊन टाकला. देवाचं लांबलंय म्हणून ताप येतोय, आणि ताप जात नाही कारण तुम्ही शहरातली माणसं त्याला बाहेर पडू देत नाही. पांघरूण घालायचं, वारा लागू द्यायचा नाही. दरदरून घाम फुटला की ताप गेलाच म्हणून समज.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी अडाणी. तसं नव्हतं. ह्याच उपायानं तिनं मंजुषाचे लहानपणचे सगळे ताप काढले होते, नवऱ्याचे काढले होते, वाडीतल्या निम्म्या लोकांचे काढले होते. गोधडीत गुंडाळलेली माणसं घामानं चिंब होऊन उठताना मंजुषानं स्वतः पाहिली होती. म्हणून तर तिचं तोंड बंद व्हायचं.

फक्त एकदा तो उपाय लागू पडला नव्हता. मंजुषाच्या आधी राजाबाईला एक मुलगा झाला होता, गंगाराम. पाळण्यातच गेला, चैत्रात, तापानं. राजाबाई त्याच्याबद्दल रडतबिडत नसे. कधी विषय निघाला तर सरळ सांगायची, मी कशात कमी पडले नाही, अख्खा दिवस त्याला गोधडीत घेऊन बसले, पण घाम फुटायचं नावच नाही, देवालाच हवा होता. ही गोधडी तीच. तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची शिवलेली, इतकी वर्षं ट्रंकेत ठेवलेली. गंगाराम राहिला असता तर स्वराजचा सख्खा मामा झाला असता, आणि जावळ काढताना पोर मामाच्याच मांडीवर बसवायचं असतं. मामा नाही म्हणून राजाबाईनं आपल्या दिराचा मुलगा बाबासो ह्याला सांगून ठेवलेलं. तो तिकडे नवं धोतर घालून तयार होता.

निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. वैशाखातलं ऊन, वर सिमेंटचे पत्रे, त्यात सकाळीच लाइट गेलेली. हौसेराव मार्केटला गेला होता, सुटीआधीची शेवटची पाळी करून येतो म्हणून. इकडे अजून बारा वाजले नव्हते तोच पोर तापायला लागलं. रोजच्यापेक्षा लवकर, रोजच्यापेक्षा जास्त. मंजुषानं ओला फडका कपाळावर ठेवला, तर राजाबाईनं तो उचलून मोरीत फेकला. उद्या एवढा प्रवास, आणि तू पोराला गारठवतेस? तिनं खिडकी लावली. फटीत बोळा घातला. गोधडी काढली, पोराला पायापासून मानेपर्यंत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली.

खोलीत धग कोंडली. राजाबाईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, मंजुषाच्या पाठीवर झंपर चिकटलं होतं. पोर आधी रडलं, मग नुसतं कण्हायला लागलं. मंजुषानं गोधडीत हात घालून त्याची पाठ चाचपली. कोरडी. मान चाचपली, काखेत बोट घातलं. कोरडं ठणठणीत, आणि हात लावू देईना इतकं गरम.

"अजून जरा," राजाबाई म्हणाली. "फुटंल आता."

पोराचं कण्हणंही बारीक झालं. मंजुषानं पुन्हा हात घातला आणि तेव्हा तिला काय झालं कोण जाणे, ह्या पोराचं सगळं वर्ष तिच्या डोळ्यांपुढून गेलं. इतरांच्या पोरांच्या उशा ओल्या होतात. गळ्याशी घामोळं उठतं. दूध पिताना आईच्या दंडावर डोकं टेकलं की दंड ओला होतो. तिचा दंड कधी ओला झाला नव्हता. तिनं ह्या पोराची इतकी झबली धुतली, पण घामाचा वास एकाला कधी आला नव्हता.

"आई, ह्याला घाम येत नाही."

"येतो. येईस्तवर दम धरावा लागतो."

"आजचं नाही म्हणत मी. जन्मल्यापासून आला नाही गं. एकदासुद्धा."

राजाबाईचा हात गोधडीवर थांबला. क्षणभरच. तिनं लेकीकडे पाहिलं नाही, पोराच्या उघड्या टाळूकडे पाहिलं, त्या चार भुरक्या धाग्यांकडे. मग तिनं गोधडीचं टोक आणखी घट्ट खोचलं.

आणि पोराचे डोळे फिरले. नुसतं पांढरं दिसलं, हाताची मूठ आवळली, अंग ताठ झालं.

मंजुषानं झडप घातली. राजाबाई सोडेना. तिनं गोधडी दोन्ही हातांनी धरून ठेवली, वारं लागंल त्याला, वारं लागंल, असं म्हणत. सख्ख्या मायलेकी, आणि मध्ये पोर, आणि त्याच्यासाठी अशी ओढाओढ! मंजुषानं आयुष्यात आईपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. तिनं आईच्या मनगटाला हिसडा दिला, पोर गोधडीतून उपसून काढलं आणि मोरीत नेलं. पिंपातलं पाणी तांब्यानं त्याच्या डोक्यावर ओतलं. पुन्हा ओतलं. छातीवर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर.

"मारशील त्याला," राजाबाई मागून म्हणत होती. "तुझ्या हातानं मारशील."

मंजुषानं पुन्हा तांब्या भरला. आई म्हणतेय तेच खरं असलं तर? उद्या लोक म्हणतील, आईनंच पाण्यात घालून पोर घालवलं. तरी तांब्या थांबला नाही. थांबावं असं तिला वाटलं होतं, पण हात ऐकेना.

भांड्याचा आवाज ऐकून घरमालकीण मालतीबाई दारात आली. गावातलीच आगरी बाई, तिची स्वतःची नातवंडं त्या अंगणात वाढलेली. तिनं पोराकडे एक नजर टाकली आणि बाहेर जाऊन लेकाला हाक मारली, "कुंदन, रिक्षा काढ. आधी रिक्षा काढ, जेवान मंग." मग परत येऊन मंजुषाला म्हणाली, "लुगरा भिजव तुजा, न् त्यानच गुंडाल पोराला. चल गो."

तशी मंजुषा निघाली, पाणी निथळत. राजाबाई मागून रिक्षात येऊन बसली, हातात गोधडी तशीच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कुंदननं रिक्षा अशी पळवली की पावणे गावच्या कारखान्यांचे भोंगे कधी मागे पडले कळलं नाही. दोन्ही बाजूंनी वारा आत येत होता आणि ओल्या पदरातलं पोर आईच्या छातीशी निपचित पडलं होतं. मंजुषा देवाचं नाव घ्यायचंसुद्धा विसरली होती. कोपरखैरण्याच्या पुढे कुठंतरी पोरानं डोळे उघडले. मग तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं. त्या रडण्यानं मंजुषाला इतकं बरं वाटलं की तिलाही रडू फुटलं.

वाशीच्या दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ताप मोजला, पोराचे डोळे तपासले, मग ओला पदर बोटांत धरून विचारलं, ह्याला भिजवलं कुणी. झालं, आता बोलणी बसणार.

"मी," मंजुषा म्हणाली.

"बरं केलंत. आणखी थोडा वेळ गेला असता तर मूल हाती लागलं नसतं."

राजाबाई खाटेच्या कडेला उभी होती.

मग डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. केस असेच का? दात उशिरा आले? घाम कधी पाहिलात? मंजुषा मान हलवत गेली. त्यांनी पोराची बोटं भिंगाखाली धरली आणि बराच वेळ पाहिलं. मग मंजुषाला आपलं बोट भिंगाखाली ठेवायला लावलं आणि दाखवलं. बोटाच्या रेघांवर बारीक बारीक भोकं, त्यांतून घामाचे थेंब चकाकत होते. पोराच्या बोटावर रेघा होत्या, पण भोकं नव्हती.

त्यांनी समजावून सांगितलं, ते असं. पोटातलं मूल अगदी लहान असतं तेव्हा त्याचं कातडं म्हणजे नुसता एक पातळ पापुद्रा. मग त्या पापुद्र्याला निरोप मिळतो, इथं खाली उतर. जिथं निरोप मिळेल तिथं कातडं आत उतरतं, जमिनीत मूळ उतरावं तसं. एका ठिकाणी उतरलं त्याचा केस होतो, दुसऱ्या ठिकाणी उतरलं त्याची घामाची नळी होते, आणि हिरडीत दात होतो. उगवणी वेगळी, बी एकच. ह्या मुलाला तो निरोपच नीट पोचलेला नाही. म्हणून केस विरळ, दात कमी, आणि घामाच्या नळ्या जवळजवळ नाहीतच. बाकी मूल चांगलं आहे, डोकं चांगलं आहे, मोठं होईल, शाळेत जाईल. पण अंग तापलं की थंड करायला त्याच्याजवळ घाम नाही. तो तुम्ही बाहेरून द्यायचा. पाणी, ओले कपडे, वारा.

मंजुषाला एकदम हौसेरावची भिजलेली छाती आठवली, आणि तिच्यावर गप्प पडणारं पोर.

राजाबाई इतका वेळ ऐकत होती. आता तिनं आपला तळवा पुढं केला. "हितं केस कुठंयत? तरी घाम येतोच की. मग केसाचा न् घामाचा काय संबंध?"

डॉक्टरीणबाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, बरोबर विचारलंत आजी. केसाला घाम लागत नाही आणि घामाला केस लागत नाही, दोघं आपापल्या जागी वेगळे आहेत. पण जन्म एकाच कातड्यातून, एकाच निरोपानं. म्हणून केस इतके कमी दिसले तर घामाचं विचारावं. मग त्या मंजुषाकडे वळल्या. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो, आईला फारसं काही होत नाही. माहेरी कुणी होतं का असं? भाऊ, मामा?

मंजुषाला सगळं कळून चुकलं होतं, आणि आईपुढे ते बोलायची तिची हिंमत नव्हती. तिनं नुसतं पोराला घट्ट धरलं.

"व्हता एक," राजाबाई म्हणाली. "हिचा भाऊ. त्याच्या डोस्क्याव बी असंच व्हतं, मक्याच्या कणसावानी. चैतात ताप आला. म्या त्याला गोधडीत घातला, सकाळधरनं."

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं.

"त्याला घाम येनारच नव्हता?" राजाबाईनं विचारलं.

"नाही, आजी."

"कितीबी पांघरलं तरी?"

"नाही. पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं हो. तुम्ही आई होता, तुम्हाला येत होतं ते केलंत."

राजाबाईनं मान डोलावली, हिशेब जुळला म्हणून माणूस डोलावतो तशी. मग ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हौसेराव मार्केटातून तसाच धावत आला तेव्हा ती तिथंच होती, गोधडी मांडीवर घेऊन. त्यानं घाबरून विचारलं, पोर कसंय. ती म्हणाली, चांगलंय, गोधडीत मीच घातला होता त्याला. हौसेरावला काही उमगलं नाही. तो सासूच्या खांद्यावर ओला हात ठेवून आत गेला.

पोर घरी आलं. पालीचं जाणं राजाबाईनंच मोडलं. ह्या उन्हात एष्टीत पोर न्यायचं नाही, देवाला थंडीत जाऊ, देव काय कुठं पळून जात नाही, असं तिनं बाबासोला निरोप धाडून कळवलं. पण जावळ? ते इथंच, दारात काढायचं. एवढं सांगितलं, आणि त्यापलीकडे दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. मंजुषा तिच्या पुढ्यात ताट ठेवायची, ती भाकरी चिवडून बाजूला सारायची. आईला जवळ घ्यावं, काही म्हणावं, असं मंजुषाला फार वाटे, पण म्हणणार काय? माझं वाचलं तसं तुझंही वाचलं असतं, हे? एका सकाळी मंजुषा उठली तर राजाबाई मोरीत बसलेली, गोधडी घमेल्यात भिजत घातलेली. तिनं ती पिळून खिडकीला बांधली. खाडीकडचा वारा तिच्यातून गाळून आत यायला लागला आणि खोली गार झाली. सुकली की म्हातारी उठायची आणि तिच्यावर तांब्याभर पाणी मारायची.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी न्हावी आला. मालतीबाई औक्षणाचं ताट घेऊन आली, चाळीतल्या बायका जमल्या. स्वराजला ओलं झबलं घातलेलं होतं आणि तो हौसेरावच्या कडेवर खिदळत होता. न्हाव्यानं कात्री काढली, पाटाकडे पाहिलं आणि विचारलं, पोराचा मामा कुठंय? कुणाच्या मांडीवर बसवायचं? हौसेराव म्हणाला, कुंदनला बसवू, तोही मामासारखाच. कुंदन पुढं झालासुद्धा.

"थांब बाबा," राजाबाई म्हणाली.

ती आत गेली आणि खिडकीची गोधडी सोडून घेऊन आली. पाटावर तिची चौघडी घातली, हातानं सारखी केली. गोधडी चिंब होती, तिच्यातून पाटावर पाणी ओघळत होतं.

"ह्याच्यावर बसव," ती मंजुषाला म्हणाली. "त्याच्या मामाचीच हाय."

चाळीतल्या बायकांना काही कळलं नाही. मंजुषानं पोराला उचलून गोधडीवर बसवलं. त्यानं गारव्यावर दोन्ही हातांनी थपाथप मारलं आणि आजीकडे बघून तो एकुलता दात दाखवला. राजाबाईनं एका हातानं त्याची पाठ धरली, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोधडीचं टोक धरलं आणि न्हाव्याला म्हणाली, "काढ आता."